कामथडीला गेलेली बरणी

भाटघरचं नवं धरण नुकतं भरायला लागलं होतं, त्या सालची ही गोष्ट. पासलीच्या सोजराबाईला तिच्या जिभेनं खड्ड्यात घातलं ते त्याच साली. तशी बाई वाईट नव्हती हो. भाताची लावणी म्हणा, चुलीपुढचं काम म्हणा, कशाला मागं हटणारी नव्हती. पण "तुमाला जमतं का?" असं कुणी नुसतं विचारायचा अवकाश, की तिच्या तोंडून "न जमायला काय झालं?" बाहेर पडलंच म्हणून समजा. मग भले ती गोष्ट तिनं उभ्या जन्मात केलेली नसो.

तिची लेक फुला कामथडीला द्यायची ठरली. पुण्या-साताऱ्याच्या सडकेवरचं गाव, काळी जमीन, दारात बैलजोड्या. डोंगरातल्या पोरीला असं घर मिळतंय म्हटल्यावर सोजराबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. सुपारी फोडायला गेली तेव्हा नवऱ्या मुलाची आजी, बाळाबाई, पुढ्यात बसली होती. वाळलेली, ताठ कण्याची म्हातारी. घरात तिचा शब्द चालायचा. मुलाचा बाप रखमाजी पन्नाशीला टेकला होता, तरी आईसमोर पान खायचा नाही.

"इहीणबाई," म्हातारी म्हणाली, "आमच्यात एक रीत हाय बगा. रुखवतात पोरीच्या आईनं खारातल्या काकडीची बरणी आणायची. मेणानं तोंड बंद केल्याली. घरातल्या थोरल्या बाईनं ती फोडायची आन पयली काकडी तिनं खायाची. पोरीचा हात मागनं कळतो, आईचा आदी कळाया पायजे. तुमच्यात घालत्यात का काकडी खारात?"

आता पासलीत काकडी म्हणजे बांधावर उभ्या उभ्या मोडायची, मीठ लावायचं आणि खायची. ती बरणीत घालून महिनोन्महिने ठेवतात हे कुणाच्या गावीही नव्हतं. "न्हाई बाई, आमच्यात न्हाई घालत," एवढंच म्हणायचं होतं. म्हातारीनं काय खाल्लं असतं का तिला? रीत शिकवली असती. पण नाही!

"न घालायला काय झालं?" सोजराबाई म्हणाली. "आमच्या हातची खाल्लीत तर भाकरी पुरायची न्हाई तुमाला."

शेजारी बसलेला तिचा नवरा ज्ञानोबा पान चघळायचा थांबला आणि बायकोकडं बघत राहिला. परतताना गाडीत तो म्हणाला, "कवा घातली हुतीस गं काकडी?" तर त्यालाच झापला, "बायकांच्या कामात तुमी कशाला पडता?"

पावसाळा आला. परसातल्या मांडवावर वेल चढले, काटेरी कोवळ्या काकड्या लोंबायला लागल्या. सोजराबाईनं भोरच्या बाजारातून चांगली चिनीमातीची बरणी आणवली. काकड्या धुतल्या, बरणीत भरल्या, ओढ्याचं पाणी ओतलं, वर मूठभर मीठ टाकलं आणि फडकं बांधून बरणी फडताळात ठेवली. झालं की, एवढ्याचा काय तो बाऊ! थोड्या दिवसांनी फडकं सोडलं तर आतून असा भपकारा आला की तिनं पदर नाकाला लावला. वर पांढरी साय धरलेली, खाली काकड्या लिबलिबीत. उकिरड्यावर ओतल्या तर कोंबड्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही.

दुसऱ्या खेपेला मीठ ओंजळीनं घातलं. त्या काकड्या नासल्या नाहीत, पण सुकून म्हाताऱ्या झाल्या आणि जिभेवर ठेवल्या तर घशापर्यंत आग. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर शेजारच्या कोंडाबाईनं संध्याकाळच्या आत पाणवठ्यावर पसरवलं असतं, "सोजरीनं कामथडीला थापा मारल्या!" दसरा उलटला, वेल पिवळे पडले, काकड्या संपल्या. लग्न मार्गशीर्षात. एका काकडीपायी पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, "थापाड्या आईची लेक."

आणि अशा वेळी तिला बना आठवली.

बना गावाच्या वर, धनगरांच्या वस्तीत राहायची. तिचं नाव पासलीत कुणी घेत नसे, 'विंझरची' म्हणायचे. विंझरला दिलेली कुणब्याची पोर. नवरा ताडी पिऊन हाडं मोडायचा. एका साली रायबा धनगर खतासाठी त्यांच्या शेतात मेंढरं बसवायला आला आणि मेंढरं उठली तेव्हा ही त्यांच्याबरोबर निघून गेली. जातीनं तिला वाळीत टाकलं. माहेर कुठलं, कुणाचं, ते पासलीत कुणाला ठाऊक नव्हतं. वाळीत टाकलेल्या बाईचं माहेर कोण विचारतो? तिच्या हातचं तूप मात्र गावाला चालायचं. घोंगडी चालायची. लोण्याला, लोकरीला दोष नसतो म्हणे. पाणी लागलेलं तेवढं काही चालायचं नाही. गावानं आपल्या सोयीनं रेघ ओढली होती, आणि सोजराबाईही त्या रेघेच्या अलीकडं उभी राहून गेली कित्येक वर्षं तिच्याकडून तूप नेत होती. तूप आणायला गेली असताना तिनं बनाच्या खोपटात कोपऱ्यात बरण्या बघितल्या होत्या. मेण लावलेल्या.

आता तुम्हीच सांगा, खार म्हणजे काय? नुसतं पाणी. हे सोजराबाईला कळत नव्हतं असं नाही. तरी गेली. तुपाचं भांडं काखेत घेऊन गेली, म्हणजे वाटेत कुणी बघितलं तर तूप आणायला निघालेय म्हणता येईल.

बना दारात शेपूचे वाळलेले तुरे चोळून बी पाखडत होती. सोजराबाईनं आधी तुपाचं काढलं, मग थंडीचं, मग मेंढरांचं, आणि मग हळूच, "बने, त्या बरण्यांत काय असतं गं?"

बना हसली. उठली, एका उघड्या बरणीतली काकडी काढून पुढं केली. सोजराबाईनं मागं वळून वाट बघितली. कुणी नव्हतं. तिनं काकडी तोंडात घातली. काय सांगावं! दाताखाली कडकन मोडली. आंबट, खारट, मोहरीचा झणका, लसणाचा वास आणि सगळ्याच्या वर शेपूचा घमघमाट. बाळंतिणीला शेपूचं बी चघळायला देतात ते तिला ठाऊक होतं, पण काकडीत घालतात हे नव्हतं.

"कशी करतीस?"

"बोटाएवढ्याच काकड्या घ्यायच्या. फुलाकडचं टोक खुडायचं. पाणी उकळून निववायचं, त्यात मीठ टाकत जायचं. कोंबडीचं अंडं सोडून बगायचं. बुडलं तर मीठ कमी. तरंगलं की बास. मग शेपूचे तुरे, मोहरी, लसूण, आन जांभळीची पानं, म्हंजी काकडी नरम पडत न्हाई. वर धोंडा ठेवायचा. काकडीनं खाराच्या वर डोकं काडलं की नासलीच."

सोजराबाईला आपल्या बरणीत तरंगणाऱ्या काकड्या आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता शिकून उपयोग नव्हता, वेल वाळले होते. शेवटी तिनं एकदाचं बोलून टाकलं. पोरीच्या सासरची रीत, आपण मारलेली फुशारकी, सगळं. "एक बरणी दे बने. कुनाला कळायचं न्हाई."

"कुनाच्या हातची म्हनून नेनार?"

सोजराबाई जमिनीकडं बघत राहिली. बनाला काय समजायचं ते समजलं. रागावली नाही. "कुटं दिली पोर?"

"कामथडीला. रखमाजीच्या सोनबाला."

बनाच्या हातातलं सूप थांबलं. तिनं सुपातलं बी एका कडेला सारलं. मग विचारलं, "बरनी कोन फोडनार?"

"आजेसासू. बाळाबाई म्हनून हायेत."

"हायेत व्हय अजून," बना म्हणाली. आत गेली. सगळ्यात मागची बरणी ओढून काढली, पदरानं पुसली, मेण बोटानं दाबून बघितलं. ती सोजराबाईच्या हातात देताना तिचा हात बरणीवरून लवकर निघेना. "आल्यावर मला सांग," एवढंच म्हणाली. "त्या खाऊन काय म्हनाल्या त्ये."

सोजराबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. करणाऱ्या बाईला वाटतंच, कसं झालंय ते कळावं. ती बरणी घोंगडीत गुंडाळून घरी घेऊन आली, आणि लग्नघरातल्या बायकांना दाखवताना "बगा, म्या घातल्याली काकडी" असं इतक्या वेळा म्हणाली की तिचं तिलाच खरं वाटायला लागलं.

लग्न मुलाच्या दारी होतं. बैलगाड्या वेल्ह्यावरून, विंझरवरून, नसरापूरवरून कामथडीला पोचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रुखवत वाजतगाजत मांडवात गेलं. कानवले, शेवया, कुरडया, सांडगे, आणि मध्ये ती बरणी. दोन्हीकडच्या बायका एकमेकींना चिडवत होत्या. "डोंगरातल्या इहीणीनं काकडी आणली का पाला?" असं कामथडीच्या एकीनं म्हणताच सोजराबाईनं ठसक्यात सांगितलं, "तोंड लावून बग, मग बोल!"

बाळाबाई पाटावर बसली. सुरीच्या टोकानं तिनं मेण उचकटलं, बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. वास मांडवात पसरला तशी तिची सुरी हातातच राहिली. तिनं एक काकडी काढली, दातांनी मोडली आणि चघळायची थांबली. बायकांना वाटलं, बिघडली की काय. पण म्हातारीनं तो घास सावकाश खाल्ला, शेवटपर्यंत खाल्ला, आणि मग बरणी छातीशी धरून उठली.

"इहीणबाई, जरा आत या."

माजघरात अंधार होता. म्हातारी कणगीला टेकून बसली. सोजराबाईची विहीण ठकुबाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, हळदीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि तिला जा म्हणायची सोय नव्हती.

"ही कुनी घातली?" म्हातारीनं विचारलं.

"म्या."

"शेपू घालायला कुनी शिकवलं?"

"आमच्यात पयल्यापासनं घालत्यात."

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. "खारात शेपू माझी आई घालायची. ती मेली. मग म्या घालाया लागले. माझ्या हाताखाली एकच पोर शिकली. आमच्या ठकूला त्यो वास सोसत न्हाई, ती मेथ्या घालती." तिचा आवाज खाली आला. "माझी लेक, इहीणबाई. बना. विंझरला दिली हुती. गेली एका धनगरामागं. रखमानं तिच्या नावानं आंगूळ केली. भावकीनं केली. म्या न्हाई केली. लेक मेली न्हाई तर आंगूळ कशाची करू? ह्या सगळ्यांनी मला लई बोल लावला. तुमच्या त्या डोंगरात अशी कुनी हाय का? असली तर तिथंच असंल ती. मला भेटायचं न्हाई, तिला आणायचं न्हाई. जित्ती हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सोजराबाईच्या डोळ्यांपुढं बनाचं थांबलेलं सूप आलं. बरणीवरून न निघणारा हात आला. एका क्षणात सगळं उमगलं तिला. 'हाय' एवढाच शब्द बोलायचा होता. पण तो बोलला की पुढचे शब्द आलेच. काकडी कुणाची? बनाची. वाळीत टाकलेल्या बाईच्या हातचा खार, म्हणजे पाणीच, थोरल्या बाईच्या तोंडात घातला. उंबऱ्यात ठकुबाई कान टवकारून उभी. बाहेर अंगाला हळद लागलेली फुला बसलेली. मांडव तसाच मोडला असता, आणि हळद लागून परत आलेल्या पोरीला कोण करून घेणार होतं? रखमाजीच्या हातात काठी दिसली तिला. हे सगळं खरं होतं. पण त्याच्याही आधी, अगदी आधी, तिच्या मनात जे आलं ते निराळंच होतं. आत्ता मांडवात जिच्याशी आपण ठसक्यात बोललो, ती बाई हसेल, हे आलं. पुढं कितीतरी दिवस ती स्वतःला फुलाचं कारण सांगत राहिली, आणि दर खेपेला तिला आठवायचं की पहिलं कारण ते नव्हतं.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "अशी कुनी न्हाई आमच्यात."

"कवा ऐकलं न्हाई?"

"न्हाई."

"बरं," म्हातारी म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, काही नाही. उठून बरणी ठकुबाईच्या हातात दिली. "सगळ्यांस्नी वाडा. इहीणीचा हात चांगला हाय."

आणि वाढली हो सगळ्यांना! पंगतीत पानापानावर काकडी पडली. ज्या रखमाजीनं बहिणीच्या नावानं अंघोळ केली होती, त्यानं दोनदा मागून घेतली. भावकीतले म्हातारे मिटक्या मारत होते. "पासलीच्या बाईनं नाव काढलं!" असं जो तो म्हणत होता, आणि सोजराबाई पदर डोक्यावरून पुढं ओढून बसली होती. लोकांना वाटलं, लाजली. लाजच होती ती.

लग्न लागलं, वऱ्हाड परत आलं. पासलीत पाय ठेवल्यापासून सोजराबाई वरच्या वस्तीकडं बघायची टाळायला लागली. बना दुसऱ्याच दिवशी खाली आली. बांधावरून येताना दिसली तशी सोजराबाईनं परसाचं दार लावून घेतलं आणि आत जात्यापाशी दळायचं सोंग करून बसली. बाहेरून हाक आली, "सोजराक्का!" पुन्हा आली. सोजराबाईनं जात्यात मूठ घातली. थोड्या वेळानं फटीतून बघितलं तर बना परसाच्या कडेला उभीच होती. वाळीत टाकलेली बाई, दाराला हात लावून थोडाच आवाज देणार? उन्हं कलली तेव्हा निघून गेली. रात्री ज्ञानोबा म्हणाला, "ती विंझरची कशाला आली हुती?" तर ही म्हणाली, "तुपाचं इचाराया." एकदा खोटं बोललेल्या बाईला पुढचं खोटं फार सोपं जातं, आणि त्याचीच तिला भीती वाटायला लागली होती.

मांडवपरतणीला फुला माहेरी आली. अंगावर हिरवं लुगडं, हातभर चुडा. चेहऱ्यावर तेज चढलं होतं पोरीच्या. गावातल्या बायका ओटीवर जमल्या. कोंडाबाईनं तर आल्या आल्या विचारलं, "काय गं, आईची काकडी आवडली का सासरला?"

"आवडली तर! बरनी पंगतीतच संपली. मामंजी सारकं नाव घेत्यात आयेचं." फुलानं अभिमानानं आईकडं बघितलं. सोजराबाई सुपातले तांदूळ निवडत होती. त्यात खडे नव्हते, तरी निवडत होती.

"आन आजेसासू? कडक हाय म्हन्त्यात."

"न्हाई गं, लई मायाळू हायेत. पर बिचाऱ्यांचं एक इपरीत झालं." फुलानं आवाज खाली आणला. "त्यांची एक लेक हुती म्हनं, पळून गेल्याली. सगळ्यांनी तिच्या नावानं आंगूळ केली, ह्या करीनात. लेक जित्ती हाय म्हनायच्या. सनावाराला तिच्या नावाचा घास बाजूला काडून ठेवायच्या. आमची हळद उतरली, मांडव काडला, आन सकाळी उठून म्हनाल्या, 'चला, मला नदीवर न्या. माझी लेक मेली.' कशानं कळलं इचारलं तर सांगंनात. नदीवर गेल्या, पान्यात बसल्या, लेकीच्या नावानं डोक्यावरनं पानी घेतलं. इतकी वर्सं रडल्या न्हाईत, तवा रडल्या. मामंजीबी रडले. म्हनाले, सुटली एकदाची."

ओटीवर बायका च्‌ च्‌ करायला लागल्या. सोजराबाईच्या हातातलं सूप मांडीवर कलंडलं. तिनं मान वर केली आणि तिला परसाच्या दारातून बाहेर कडेला बना उभी दिसली. हातात तुपाची लहानशी लोटी होती. नव्या नवरीला बघायला आली असणार, आपल्या माहेरच्या घरातून आलेली पोर बघायला. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"पोरी," बना तिथूनच म्हणाली. बायका वळून बघायला लागल्या. "नदीच्या गार पान्यानं केली व्हय आंगूळ? का घरनं ऊन पानी नेलं हुतं?"

फुला गोंधळली. "गारच की. मार्गशीर्षात नदीचं पानी कसं असनार?"

"त्यांना गार सोसत न्हाई," बना म्हणाली. "छातीत कळ येती."

तिनं लोटी परसाच्या पायरीवर ठेवली आणि वळून चालायला लागली. सोजराबाई उठली. बायका काय म्हणतील, कोंडाबाई काय म्हणेल, हे सगळं मनात येत असतानाच ती परसातून बाहेर पडली आणि बांधावर तिनं बनाला गाठलं. "बने. थांब गं."

बना थांबली. पाठमोरीच होती. "त्यांनी तुला इचारलं?"

"व्हय."

"काय इचारलं?"

"बना जित्ती हाय का, म्हनून."

"आन तू?"

सोजराबाईला रडू फुटलं. "फुलाचं लगीन हुतं गं बने. हळद लागली हुती. दारात इहीन उभी..." तिनं खाली बसून बनाचे पाय धरायचा प्रयत्न केला. बना मागं सरली.

"पोरीचं लगीन हुतं, खरं हाय," बना म्हणाली. "म्या असते तर म्याबी..." ती थांबली. तिनं विचार केला, खरोखरच केला, तो तिच्या तोंडावर दिसत होता. मग मान हलवली. "न्हाई सोजराक्का. म्या सांगितलं असतं."

आणि ती गेली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर सोजराबाईला बरं वाटलं असतं. ती बांधावर तशीच बसून राहिली. खालून बायकांचं कुजबुजणं ऐकू येत होतं.

बायका पांगल्या तशी ती घरात आली. फुला चुलीपाशी भाकरी खात बसली होती. सोजराबाईनं दार लोटलं आणि लेकीपुढं बसून सगळं सांगून टाकलं. सुपारीच्या दिवशी मारलेली थाप, नासलेल्या काकड्या, बरणी कुणाची, खार कुणाचा, माजघरात म्हातारीनं काय विचारलं आणि आपण काय सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. फुलाच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"फुले, परत जाशील तवा म्हातारीला एकटीला गाठ," सोजराबाई म्हणाली. "कानात सांग. म्हनावं, लेक जित्ती हाय. सुखात हाय. दुसरं काई सांगू नगं."

फुलानं हातातली भाकरी खाली ठेवली. "आन तुला कसं कळलं, म्हनाल्या तर?"

"सांग, आयेनं सांगितलं. माझं नाव घे."

"मग बरनीचं निगंल. सासूबाई तिथंच असत्यात हरघडी. मामंजींनी दोनदा मागून खाल्लीय ती काकडी, आये. अख्ख्या भावकीनं खाल्लीय." तिनं चुड्यावरून हात फिरवला. "मला नांदायचंय तिथं. सगळी माझं नाव घेत्यात, तुझं नाव घेत्यात. न्हाई आये. म्या न्हाई सांगायची. आन तूबी कुनाला सांगू नगंस. कुनी इचारलंच तर म्हनायचं, आमच्यात पयल्यापासनं शेपू घालत्यात."

आवाज तोच होता. ठसकाही तोच. सोजराबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं. तिला पोरीला खडसवायचं होतं, एक मुस्काटात द्यायची होती, म्हणायचं होतं, अगं एका आईनं जित्या लेकीच्या नावानं अंघोळ केलीय तिकडं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? फुला खाली मान घालून पुन्हा भाकरी खायला लागली, आणि सोजराबाईनं मुकाट्यानं तिच्या पानात आणखी एक वाढली.